घनवादाची ओळख आणि कलेचे मूलघटक : खान्देशातील महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील दृक्‌कलेच्या इतिहासात घनवादाइतकी मूलगामी चळवळ क्वचितच आढळते. सन १९०७ ते १९१४ या अवघ्या काही वर्षांत पाब्लो पिकासो (१८८१-१९७३) आणि जॉर्ज ब्राक (१८८२-१९६३) या दोन चित्रकारांनी पॅरिसमध्ये राहून युरोपात सुमारे पाचशे वर्षे रूढ असलेली चित्ररचनेची रीत मोडीत काढली. पुढील काळातील शिल्पकला, वास्तुकला, जाहिरातकला आणि मुद्रणकला यांवर या घटनेचा दूरगामी परिणाम झाला. त्यामुळे कला, इतिहास, भाषा वा गृहविज्ञान यांपैकी कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याला आधुनिक काळ समजून घेताना घनवादाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

तथापि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत हा विषय शिकविताना एक अडचण उभी राहते. मूळ घनवादी चित्र पाहण्याची संधी येथील विद्यार्थ्याला मिळत नाही. पुस्तकातील लहान आकाराचे, अनेकदा कृष्णधवल झेरॉक्स प्रतीतले चित्र पाहून "हे तर लहान मूलही काढेल" अशी त्याची पहिली प्रतिक्रिया होते. या प्रतिक्रियेला शिक्षकाकडून दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक तर ती हसण्यावारी नेली जाते, किंवा घनवादाची व्याख्या, कालखंड व वैशिष्ट्ये यांची टिपणे लिहून दिली जातात. दोन्ही प्रकारांत विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो आणि आधुनिक कला आपल्यासाठी नाही, असा ग्रह त्याच्या मनात कायमचा बसतो. प्रस्तुत लेखात कलेच्या मूलघटकांच्या आधारे आणि खान्देशातच उपलब्ध असलेल्या उदाहरणांच्या साहाय्याने घनवादाची ओळख कशी करून देता येईल, याचे विवेचन केले आहे.

विद्यार्थ्याची पूर्वतयारी :

घनवाद हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वस्वी नवा विषय असतो, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थी शालेय वयात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देतात. वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे विषय त्यांनी हाताळलेले असतात. दहावीच्या निकालात या परीक्षांचे वाढीव गुण मिळत असल्यामुळे ग्रामीण भागातही त्यांना मोठा प्रतिसाद लाभतो. मात्र गुण पदरात पडले की कागद-पेन्सिल बाजूला पडते आणि त्या शिक्षणातून काय हाती आले, याचा विचार पुढे कोणी करीत नाही.

वास्तविक या अभ्यासक्रमातच घनवादाकडे नेणारी वाट आहे. स्थिरचित्रात विद्यार्थी एका ठरावीक जागी बसून समोरचा गडू जसा दिसतो तसा काढतो. घनभूमितीत मात्र तोच विद्यार्थी एका घनाकृतीचे समोरून दिसणारे व वरून दिसणारे अशी दोन दृश्ये एकाच कागदावर, एकाखाली एक मांडतो. पहिल्या कागदावर वस्तू जशी दिसते तशी आहे, दुसऱ्या कागदावर ती जशी असते तशी आहे. हे दोन कागद एकमेकांवर ठेवले तर काय होईल, हा प्रश्न शाळेत विचारला जात नाही. घनवादाचा आरंभ याच प्रश्नापासून करता येतो.

कलेचे मूलघटक :

कोणतेही चित्र, मग ते अजिंठ्याचे असो वा पिकासोचे, काही मोजक्या मूलघटकांतून उभे राहते.

१) रेषा : रेषेला दिशा, जाडी व वेग असतो. ती वस्तूची कड दाखविते, तसेच दोन पृष्ठभाग जेथे मिळतात ती सीमाही दाखविते.

२) आकार : रेषेने बंदिस्त झालेले सपाट क्षेत्र. आकाराला लांबी व रुंदी असते, खोली नसते.

३) घनाकार : लांबी, रुंदी व खोली असलेला आकार. वर्तुळ हा आकार होय, तर चेंडू हा घनाकार होय. कागद सपाट असल्यामुळे चित्रात घनाकाराचा केवळ आभास निर्माण करता येतो.

४) छायाप्रकाश : उजेड व अंधार यांच्या पायऱ्या. घनाकाराचा आभास मुख्यत्वे यांच्यामुळे होतो.

५) रंग : रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि तीव्रता अशा तीन अंगांनी रंगाचा विचार केला जातो.

६) पोत : पृष्ठभागाचा खरखरीत, गुळगुळीत वा तंतुमय गुण. तो प्रत्यक्ष असू शकतो किंवा रंगवून दाखविता येतो.

७) अवकाश : वस्तूंमधील व वस्तूंभोवतालची जागा. चित्रातील रिकामी जागा हीही रचनेचाच भाग असते.

ही यादी पाठ करून घेण्यात फारसे हशील नाही. विद्यार्थ्याला इतके उमगले पाहिजे की, चित्रकार या सातही घटकांना प्रत्येक वेळी सारखे महत्त्व देत नाही. कोणता घटक पुढे आणायचा आणि कोणता मागे सारायचा, या निवडीतूनच शैली घडते. घनवादाने घनाकार व अवकाश यांना अग्रस्थान दिले आणि आरंभीच्या काळात रंगाला जाणीवपूर्वक मागे सारले. एवढे सूत्र हाती असेल तर विद्यार्थी "हे कशाचे चित्र आहे" या प्रश्नापाशी न अडखळता "यात काय केले आहे" या प्रश्नाकडे वळू शकतो.

एका जागेवरून पाहणे : चाळीसगावचे उदाहरण

घनवादाने नेमके काय मोडले, हे समजण्यासाठी आधी काय रूढ होते ते पाहणे आवश्यक आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स येथे यथार्थदर्शनाचे शास्त्र विकसित झाले. आल्बेर्तीने १४३५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याची पद्धतशीर मांडणी आढळते. या शास्त्रानुसार पाहणारा एका जागी स्थिर उभा आहे आणि एकाच डोळ्याने पाहत आहे असे मानले जाते. मागे जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवरील एका बिंदूत मिळतात आणि दूरच्या वस्तू लहान होत जातात. पुढे कॅमेऱ्याने हेच काम यंत्राच्या साहाय्याने केले.

या एकदृष्टीचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचा प्रत्यय देणारे उदाहरण खान्देशातच आहे. कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी चाळीसगाव येथील रेल्वे स्थानकानजीकच्या आपल्या वास्तूत आयुष्याचा बहुतांश काळ व्यतीत केला. त्यांची 'टेबल टॉप' छायाचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. टेबलावर साध्या, घरगुती वस्तूंची मांडणी करून, प्रकाश नेमका योजून त्यांनी विस्तीर्ण निसर्गदृश्यांचा हुबेहूब आभास निर्माण केला. हा आभास संपूर्णपणे कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. पाहणारा थोडा बाजूला सरकला तर दृश्य नाहीसे होते आणि टेबलावरील वस्तू तेवढ्या उरतात.

म्हणजेच एका जागेवरून दिसणारे दृश्य कितीही खरे वाटले तरी ते वस्तूविषयीचे संपूर्ण सत्य नसते. मूस यांनी या तत्त्वाचा उपयोग करून अद्‌भुत आभास घडविला. पिकासो व ब्राक यांनी त्याच तत्त्वावर प्रश्नचिन्ह लावले. हे दोन मार्ग शेजारी ठेवले असता विद्यार्थ्याला घनवादाचा गाभा उमगण्यास मदत होते.

या ठिकाणी शिल्पकलेची तुलनाही उपयुक्त ठरते. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांच्या भव्य पुतळ्यांची छायाचित्रे विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतात. पुतळा पाहताना प्रेक्षक त्याच्याभोवती फिरतो. पुढून, बाजूने व मागून दिसलेली रूपे मनात एकत्र येतात तेव्हा कोठे पुतळ्याचा संपूर्ण अनुभव साकार होतो. वस्तूभोवती फिरण्याचा हा अनुभव सपाट कागदावर उतरविण्याचा प्रयत्न म्हणजे घनवाद, असे सुलभपणे सांगता येईल.

घनवादाचा विकास :

घनवादाची पूर्वपीठिका पॉल सेझान (१८३९-१९०६) या फ्रेंच चित्रकाराच्या कार्यात आढळते. निसर्गातील रूपांचा विचार दंडगोल, गोल व शंकू या मूलभूत घनाकारांच्या आधारे करावा, असे त्याने १९०४ मधील एका पत्रात सुचविले होते. त्याच्या स्थिरचित्रांतील टेबलाच्या कडा एका रेषेत जुळत नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या उंचीवरून पाहिलेल्या असतात. १९०७ मध्ये पॅरिसला त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले. त्याच वर्षी पिकासोने 'अविन्योंच्या तरुणी' हे चित्र रंगविले. त्यातील आकृत्यांचे धारदार तुकडे आणि आफ्रिकी मुखवट्यांशी नाते सांगणारे चेहरे यांमुळे त्याचे निकटचे मित्रही चक्रावून गेले.

१९०८ मध्ये ब्राकने दक्षिण फ्रान्समधील लेस्ताक या गावाची निसर्गचित्रे काढली. त्यांतील घरांना दारे-खिडक्या नव्हत्या, होते केवळ एकावर एक रचलेले ठोकळे. या चित्रांचे परीक्षण करताना लुई व्होसेल या समीक्षकाने ब्राक सर्व काही घनांमध्ये रूपांतरित करतो, अशा आशयाची उपरोधिक टीका केली. या टीकेतूनच पुढे 'घनवाद' हे नाव रूढ झाले.

या चळवळीचे सामान्यतः दोन टप्पे मानले जातात. सुमारे १९१० ते १९१२ हा विश्लेषणात्मक घनवादाचा काळ होय. या टप्प्यात वस्तूचे अनेक बाजूंनी निरीक्षण करून तिचे लहान-लहान प्रतलांत विघटन केले गेले. व्हायोलिन, बाटली, पेला, वर्तमानपत्र अशा नित्याच्या वस्तू विषय म्हणून निवडल्या गेल्या आणि रंग तपकिरी व करड्या छटांपुरते मर्यादित ठेवले गेले. दुसरा टप्पा १९१२ ते १९१४ मधील संश्लेषणात्मक घनवादाचा. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचे छापील मेणकापड थेट चित्रावर चिकटविले, तर ब्राकने लाकडाचा आभास देणारा भिंतीचा छापील कागद कापून चित्रात वापरला. ब्राक मूळचा घरे रंगविणाऱ्या कारागिराच्या कुटुंबातला होता आणि लाकडाच्या रेषा रंगाने हुबेहूब उठविण्याचे काम त्याने शिकलेले होते. कोलाज या तंत्राचा आधुनिक कलेतील प्रवेश येथून झाला. ह्वान ग्रीस (१८८७-१९२७) याने या टप्प्याला रंगांची व रचनेची शिस्त दिली.

या भाषेचे सामर्थ्य पुढे 'गेर्निका' या चित्रात प्रकट झाले. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर बॉम्बवर्षाव झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच पिकासोने सुमारे साडेतीन मीटर उंच व पावणेआठ मीटर लांब असे हे चित्र पूर्ण केले. त्यात काळा, पांढरा व करडा एवढेच रंग आहेत. एका जागेवरून पाहिलेल्या दृश्यात जे मावले नसते, ते आक्रोशाचे अनेक क्षण तेथे एकत्र आले आहेत. घनवाद हा केवळ बुद्धीचा खेळ होय, असे मानणाऱ्यांना हे चित्र पुरेसे उत्तर देते.

खान्देशातील दृश्य-उदाहरणे :

लेस्ताकची घरे समजावून सांगण्यासाठी खान्देशातील शिक्षकाला दूर जाण्याची गरज नाही. मातीच्या सपाट छताची धाब्याची घरे हे या प्रदेशाच्या जुन्या गावांचे वैशिष्ट्य आहे. उतारावर वसलेले असे गाव थोड्या उंचीवरून पाहिले असता एकमेकांना टेकलेले ठोकळे दिसतात. सकाळी वा सायंकाळी तिरपे ऊन पडले की प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू उजळ, दुसरी मध्यम व तिसरी गडद होते. येथे रेषा म्हणजे दोन प्रतलांची सीमा, हे व्याख्येविना कळते. सिमेंटच्या स्लॅबमुळे ही घरे झपाट्याने कमी होत आहेत. त्यामुळे त्यांचे रेखाटन करून ठेवणे हे कलाशिक्षणाबरोबरच स्थानिक इतिहासाचेही काम ठरते.

दुसरे उदाहरण अजिंठ्याचे. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावरील ही लेणी पाहण्यास शैक्षणिक सहली नियमित जातात. लेणे क्रमांक १ मधील बोधिसत्त्व पद्मपाणीपुढे सर्वजण थांबतात, परंतु त्याच्या पार्श्वभूमीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तेथील खडक कोनदार, ठोकळ्यांसारख्या प्रतलांत रंगविलेले असून ते मागे जाण्याऐवजी प्रेक्षकाच्या दिशेने पुढे येतात. लेणे क्रमांक १७ मध्येही असे खडक पाहावयास मिळतात. स्टेला क्रामरिश या कलासमीक्षिकेने अजिंठ्याच्या चित्रांतील या पुढे येण्याच्या गुणावर विशेष भर दिला आहे.

तिसरे उदाहरण वारली चित्रांचे. तारपा नृत्याच्या चित्रात नर्तकांचे वलय वरून पाहिल्याप्रमाणे दिसते, तर प्रत्येक नर्तक मात्र बाजूने पाहिलेला असतो. दोन दृष्टिकोन एकाच चित्रात सहज नांदतात.

येथे एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. "आपल्याकडे घनवाद पूर्वीपासूनच होता" असा निष्कर्ष या उदाहरणांवरून काढणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. अजिंठ्याच्या वा वारली चित्रकारापुढे मोडण्यासाठी यथार्थदर्शनाची चौकट नव्हतीच. घनवाद ही त्या चौकटीविरुद्धची जाणीवपूर्वक कृती होती. साम्य रूपात आहे, हेतूत नाही. मात्र चित्र रचण्याची एकच रीत नैसर्गिक असते हा समज दूर करण्यासाठी ही उदाहरणे मोलाची आहेत.

भारतीय चित्रकार आणि घनवाद :

भारतात घनवादाचा पहिला लक्षणीय प्रतिसाद गगनेंद्रनाथ टागोर (१८६७-१९३८) यांच्या चित्रांत आढळतो. १९२२ मध्ये क्रामरिश यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्याच वर्षअखेर कोलकात्यात बाउहाउस कलावंतांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. गगनेंद्रनाथांनी वस्तूच्या विघटनापेक्षा प्रकाशाच्या विघटनावर अधिक भर दिला. त्यांच्या चित्रांतील जिने, दालने व सावल्या गूढ वातावरण निर्माण करतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०-१९९२) यांचे कार्य अधिक जवळचे आहे. इंदूर येथे जन्मलेले बेंद्रे १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकलेचे अध्यापन करीत होते. याच काळात त्यांनी घनवादी वळणाची चित्रे रंगविली. त्यांच्या 'काटा' या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ग्रामीण जीवनाचा परिचित विषय आणि भौमितिक प्रतलांची रचना यांचा मेळ त्यांनी घातला. परकीय शैलीचे अनुकरण न करता तिच्यातील प्रश्न आपल्या विषयाला विचारता येतो, हे बेंद्रे यांच्या उदाहरणावरून दिसून येते.

भाषेच्या प्राध्यापकांसाठी आणखी एक दुवा उपलब्ध आहे. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे जन्मलेले बा. सी. मर्ढेकर (१९०९-१९५६) यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात लयतत्त्वाची मांडणी केली आहे. कलाकृतीतील घटक संवाद, विरोध व समतोल या संबंधांनी बांधले जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. घनवादी चित्रातील तिरप्या व सरळ रेषा, उजळ व गडद प्रतले यांतील संबंध या तीन संज्ञांच्या साहाय्याने नेमकेपणे वर्णन करता येतात. मराठीचा विद्यार्थी ज्या संज्ञा समीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसाठी वाचतो, त्या चित्रासमोर वापरून पाहिल्यास दोन्ही विषय उजळतात.

वर्गातील उपक्रम :

पुढील चार उपक्रम साध्या साहित्यात व चार तासिकांत घेता येतात. त्यासाठी चित्रकलेत प्रावीण्य असण्याची आवश्यकता नाही.

१) गडूचे दोन कागद : विद्यार्थ्याने गडू प्रथम समोरून व नंतर उभे राहून वरून काढावा. एक रेखाटन पातळ कागदावर काढून दुसऱ्यावर ठेवावे व दोहोंतील आवश्यक रेषा निवडून तिसरे चित्र तयार करावे. कोणती रेषा ठेवली व कोणती गाळली, याचे कारण दोन ओळींत लिहून घ्यावे.

२) तीन छटांतील गाव : धाब्याच्या घरांचे किंवा रचून ठेवलेल्या काड्यापेट्यांचे रेखाटन केवळ उजळ, मध्यम व गडद अशा तीन छटांत करावे. बाह्यरेषा काढू नये. पृष्ठभाग वेगळे करण्याचे काम छायाप्रकाश कसा करतो, ते यातून लक्षात येते.

३) कागदी कोलाज : वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, बियाण्यांच्या पिशव्या व रद्दी यांतून नित्याच्या एखाद्या वस्तूचे कोलाज तयार करावे. पोत व अक्षर यांना चित्रात स्थान कसे मिळते, याची चर्चा करावी.

४) चित्रवाचन : एक घनवादी चित्र पडद्यावर मोठे करून दाखवावे. चित्राचे नाव व चित्रकार आरंभी सांगू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने सात मूलघटकांपैकी एक घटक निवडून त्याविषयी दिसलेले तेवढेच सांगावे. सर्व निरीक्षणे फळ्यावर आल्यानंतरच शीर्षक सांगावे.

या उपक्रमांचे मूल्यमापन करताना सुबकतेला गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याने किती बाजूंनी निरीक्षण केले, निवड कशी केली आणि तिचे कारण सांगता आले काय, हे निकष असावेत. "लहान मूलही काढेल" या आक्षेपाचे उत्तर या ठिकाणी आपोआप मिळते. लहान मूल गडूचे तोंड पूर्ण वर्तुळाकार व तळ सरळ काढते, कारण त्याला दोन दृष्टिकोनांतील भेद माहीत नसतो. घनवादी चित्रकाराला तो माहीत असतो आणि तो ओलांडण्याचे कारणही त्याच्यापाशी असते. हा भेद स्वतःच्या हाताने अनुभवलेला विद्यार्थी तो आक्षेप पुन्हा घेत नाही. घेतलाच, तर अधिक चांगल्या कारणासह घेतो.

समारोप :

घनवाद म्हणजे चौकोन काढणे नव्हे, तसेच तो आकलनापलीकडचा परदेशी प्रकारही नव्हे. एखादी वस्तू एका जागेवरून पाहून पूर्ण कळत नाही, या साध्या अनुभवाला दिलेले ते चित्ररूप आहे. खान्देशातील विद्यार्थ्याजवळ रेखाकला परीक्षांचे संस्कार, धाब्याच्या घरांची ओळख आणि अजिंठ्याचे सान्निध्य ही शिदोरी आधीच आहे. पॅरिस वा माद्रिदच्या संग्रहालयांतील मूळ चित्रे त्याच्यापासून दूर असली तरी त्या चित्रांमागील प्रश्न दूर नाही. शिक्षकाने टिपणांपूर्वी तो प्रश्न वर्गात ठेवला आणि उत्तरासाठी हातात पेन्सिल दिली, तर आधुनिक कलेविषयीचे परकेपण पुष्कळ अंशी दूर होईल. समोरचा माणूस, बातमी वा इतिहासातील घटना दुसऱ्या बाजूनेही पाहावी लागते, ही दृष्टी कोणत्याही विद्याशाखेच्या विद्यार्थ्याला आवश्यक आहे. कलाशिक्षणातून ती मिळू शकते, हेच या विषयाचे महाविद्यालयीन शिक्षणातील खरे प्रयोजन होय.